विश्लेषण : जुन्या कारचा क्लच खरंच गेला, की फक्त सेटिंग बिघडले? निदान कसे करावे, खर्च किती, बिलात काय पाहावे?

घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी जागची हलायला तयार नसते. गॅरेजमध्ये नेल्यावर उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते : ‘क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ दहा-बारा वर्षे जुन्या कारच्या मालकासमोर तेव्हा तीन प्रश्न एकदम उभे राहतात. निदान बरोबर आहे का? सांगितलेला आकडा रास्त आहे का? आणि या वयाच्या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे क्लचचे काम समजून घेतले की बऱ्याच अंशी सोपी होतात.

क्लच नेमके काय करतो?

इंजिन सुरू असताना सतत फिरत असते, चाके मात्र थांबतात, हळू होतात, पुन्हा पळतात. या दोघांना गरजेप्रमाणे जोडणे आणि तोडणे हे क्लचचे काम. इंजिनला जोडलेली जड चकती म्हणजे फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते ती क्लच प्लेट, जिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे लायनिंग असते. आणि या प्लेटला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा हे तिन्ही भाग एकत्र फिरतात. पेडल दाबले की केबल किंवा ऑइलच्या दाबाने रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि इंजिनचा चाकांशी असलेला संबंध तुटतो.

पेडल सोडताना मधल्या एका टप्प्यावर प्लेट थोडी घसरते, थोडी पकडते. याच टप्प्याला चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात. गाडी धक्का न बसता निघते ती या घसरण्यामुळे, आणि लायनिंग झिजते तेही याच घसरण्यामुळे. त्यामुळे क्लच किती किलोमीटर चालेल याचे एकच उत्तर नाही. महामार्गावर जास्त चालणाऱ्या गाडीचा क्लच लाख किलोमीटरच्या पुढेही जातो. घोडबंदर रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या कोंडीत रोज तासभर रांगणाऱ्या गाडीचा त्याच्या निम्म्यातही संपू शकतो. म्हणून ‘इतके किलोमीटर झाले, आता बदलाच’ हे कारण पुरेसे नाही. लक्षणे दिसायला हवीत.

प्लेट झिजल्याची लक्षणे कोणती?

सर्वात विश्वासार्ह लक्षण म्हणजे स्लिप होणे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा वेग वाढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. हे आधी वरच्या गिअरमध्ये, चढावर किंवा गाडी भरलेली असताना जाणवते, कारण तेव्हा क्लचवर सर्वाधिक भार असतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सोसायटीच्या आवारात फिरवून ‘गाडी तर ठीक चालते’ असा निष्कर्ष काढता येत नाही, तो याचमुळे.

दुसरे लक्षण, जळका वास. कोंडीत किंवा घाटात थोडा वेळ वास येऊन गेला तर तो चालवण्याच्या पद्धतीमुळे असू शकतो. पण सपाट रस्त्यावर, सहज चालवतानाही वास येत असेल तर प्लेट सतत घसरत आहे असे समजावे. तिसरे लक्षण, पेडल पूर्वीपेक्षा जड होणे आणि गाडी पकडण्याचा बिंदू खूप वर येणे. प्लेट पातळ होत गेली की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची ठेवण बदलते, त्याचा हा परिणाम. मात्र केबल कोरडी पडली, तिच्या तारा तुटू लागल्या तरी पेडल जड होते. त्यामुळे या एकाच लक्षणावर निर्णय घेऊ नये.

घरच्या घरी चाचणी कशी करावी?

पहिली चाचणी मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर, शक्यतो हलक्या चढावर करावी. ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. क्लच ठीक असेल तर काटा आणि वेग दोन्ही सोबतच, हळूहळू वाढतात. काटा झटकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच स्लिप होत आहे. आणि काटाही वाढत नाही, वेगही वाढत नाही, तर दोष क्लचचा नसून इंजिनचा असण्याची शक्यता जास्त. चोंदलेला एअर फिल्टर, इंधनपुरवठा किंवा डिझेल गाडीत टर्बो तपासावा लागतो. ‘पिकअप नाही’ या एकाच तक्रारीवर क्लच बदलला जातो आणि पिकअप तसाच राहतो, तो हा फरक न पाहिल्यामुळे.

दुसरी चाचणी उभ्या गाडीत होते. समोर-मागे कोणी नसल्याची खात्री करावी, हँडब्रेक ओढावा, पायाचा ब्रेकही दाबून ठेवावा, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. चांगल्या क्लचवर इंजिन लगेच बंद पडते. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर प्लेटची पकड संपलेली आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास उरलेले लायनिंगही तापून जळते.

तिसरी चाचणी उलट दोषासाठी, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नसल्याच्या शंकेसाठी. इंजिन चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे, तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. गिअर घासल्याचा खर्रकन आवाज आला तर पेडल दाबूनही प्लेट फिरत आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, हीदेखील त्याच दोषाची खूण. दोन्ही वेळा अडत असतील तर गिअरची केबल किंवा लिंकेज तपासावे. एकच गिअर घासत असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आत आहे. क्लच बदलून तो जाणार नाही.

आवाजावरून काय कळते?

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबल्यावर किरकिर किंवा घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. याउलट पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग तपासण्याची गरज असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथरत असेल तर प्लेटवर ऑइल आले आहे, फ्लायव्हील तापून डागाळले आहे, किंवा इंजिनचे माउंटिंग सैल झाले आहे, या तिन्ही शक्यता असतात. माउंटिंग तपासायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. त्यामुळे ते आधी तपासायला सांगणे शहाणपणाचे.

कमी खर्चात सुटणारे दोष कोणते?

अनेक जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये क्लच केबलवर चालतो. अशा पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असावी लागते. प्लेट झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होते. ती पूर्ण संपली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग प्रेशर प्लेटला थोडे दाबतच राहते आणि लायनिंग शिल्लक असूनही क्लच घसरू लागतो. केबलच्या टोकाचा नट फिरवून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतकी मोकळीक ठेवली की काही गाड्यांत तक्रार तिथेच संपते. हे काम काही मिनिटांचे आहे. केबल बदलावी लागली तरी छोट्या गाडीत खर्च साधारण काही शेकडा ते हजार-दीड हजार रुपयांत राहतो.

हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलऐवजी ऑइलचा दाब काम करतो. पेडल खाली जाऊन तिथेच राहणे, दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडणे ही प्लेटची नव्हे, तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरच्या गळतीची किंवा आत हवा शिरल्याची लक्षणे आहेत. पेडलच्या वरच्या बाजूला ओल दिसते का, ऑइलची पातळी घटली आहे का, हे पाहावे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकचे ऑइल एकाच डबीतून जाते. म्हणून ही गळती फक्त क्लचचा प्रश्न राहत नाही आणि ती लांबणीवर टाकू नये. काही मॉडेलांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि तो स्वतंत्रपणे बदलता येतो. काहींत तो आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नसतो.

थोडक्यात, गिअरबॉक्सला हात लावण्याआधी केबलची मोकळीक किंवा ऑइलची पातळी, माउंटिंग आणि रस्त्यावरची चाचणी एवढे पाहून घेण्याचा आग्रह धरावा. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारली तर निम्मे वाद मिटतात.

क्लच बदलण्याचा खर्च साधारण किती?

खर्चाचे दोन भाग : सुटे भाग आणि मजुरी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिळून जो ‘क्लच सेट’ येतो, तो छोट्या पेट्रोल हॅचबॅकसाठी ढोबळमानाने ३,००० ते ६,००० रुपयांत मिळतो. स्थानिक गॅरेजची मजुरी दीड हजारापासून चार हजारांपर्यंत असते. मध्यम आकाराच्या डिझेल गाडीत क्लच मोठा असतो आणि एकूण खर्च १० ते २० हजारांच्या घरात जातो. अधिकृत सेवा केंद्रात हेच काम त्याहून महाग पडते. शहर, मॉडेल आणि भागाचा ब्रँड यांनुसार आकडे बदलतात. त्यामुळे किमान दोन ठिकाणची अंदाजपत्रके घ्यावीत आणि ती भाग व मजुरी वेगळी दाखवून लेखी घ्यावीत.

खरा झटका बसतो तो ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या गाड्यांत. अनेक मोठ्या आणि आधुनिक डिझेल गाड्यांत इंजिनची कंपने शोषून घेण्यासाठी दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले फ्लायव्हील असते. ते खराब झाले की गाडी सुरू किंवा बंद करताना खडखड ऐकू येते. साध्या फ्लायव्हीलवर डाग पडले तर लेथवर फेसिंग करून ते पुन्हा वापरता येते. ड्युअल मासमध्ये सहसा पूर्ण भागच बदलावा लागतो आणि बिल ३५-४० हजारांपासून पुढे जाऊ शकते. अशी जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हा आकडा सौद्याआधीच लक्षात ठेवावा.

‘ऑटोमॅटिक आहे, क्लचची चिंता नाही’ हाही गैरसमज. भारतात २०१४पासून स्वस्त गाड्यांत आलेल्या एएमटी प्रकारात साधी क्लच प्लेटच असते. फक्त पेडल दाबण्याचे काम पायाऐवजी अॅक्च्युएटर करतो. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचचा बिंदू गाडीला पुन्हा ‘शिकवावा’ लागतो. ही सोय नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नये.

फक्त प्लेट बदलली तर पैसे वाचतात का?

वरवर पाहता वाचतात, पण हिशेब मजुरीचा आहे. गिअरबॉक्स उतरवणे हेच या कामातले मोठे कष्ट. नवी प्लेट आणि जुने बेअरिंग बसवले आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागले, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. म्हणून जुन्या गाडीत पूर्ण सेट एकत्र बदलणे स्वस्त पडते. जुन्या प्लेटला नवे लायनिंग चिकटवून देण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. रोजच्या वापराच्या गाडीत हा मोह टाळावा.

गिअरबॉक्स खाली असताना आणखी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. इंजिनच्या मागच्या बाजूचे ऑइल सील आणि गिअरबॉक्सचे इनपुट सील गळत असेल तर नव्या प्लेटवर ऑइल पडून ती काही दिवसांतच घसरू लागेल. सील स्वस्त असते, तिथवर पोहोचणे महाग. फ्लायव्हीलची स्थिती, क्लच फोर्कची झीज, आत असेल तर स्लेव्ह सिलिंडर आणि गिअर ऑइल यांचाही निर्णय त्याच वेळी घ्यावा. मात्र ‘लगे हाथ’च्या नावाखाली यादी वाढू लागली तर प्रत्येक भाग डोळ्यांनी दाखवायला सांगावा.

विमा किंवा वॉरंटीतून खर्च मिळतो का?

सर्वसाधारणपणे नाही. कारच्या विम्यात वापरामुळे होणारी झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात आणि क्लच प्लेटची झीज त्यातच मोडते. अपघातात क्लचचा भाग तुटला असेल तर गोष्ट वेगळी. पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची पुरवणी असेल तर टोइंगचा खर्च मात्र वाचतो. अनेक जुन्या गाड्यांवर फक्त थर्ड पार्टी विमा असतो, तिथे हीदेखील सोय नसते. वाढीव वॉरंटीतही क्लच प्लेट सहसा झिजणाऱ्या भागांच्या यादीत असते.

बिलात काय तपासावे?

२२ सप्टेंबर २०२५पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटीचा दर सरसकट १८ टक्के झाला आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्केच लागतो. तीन गोष्टी पाहाव्यात. एक, छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यामुळे खोक्यावरच्या एमआरपीवर वेगळा जीएसटी लावता येत नाही. दोन, नोंदणी नसलेले छोटे गॅरेज जीएसटी आकारू शकत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि कर लावला असेल तर जाब विचारावा. तीन, भागाचा ब्रँड आणि पार्ट क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. ‘क्लच सेट – १ नग’ एवढ्यावर पुढे दाद मागणे अवघड जाते.

नवा सेट आपल्यासमोर खोक्यातून काढावा आणि जुने भाग परत मागावेत. जुनी प्लेट हातात आली की निदानाचीही शहानिशा होते. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले असेल तर बदल योग्य होता. लायनिंग जाड पण तेलकट असेल तर सील बदलले की नाही हे विचारायलाच हवे. लायनिंग जाड आणि कोरडे असेल तर कदाचित नुसत्या सेटिंगने काम झाले असते.

मागितल्यावरही बिल न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार अनुचित व्यापार प्रथेचा भाग आहे. काम सदोष झाले आणि गॅरेज दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे शुल्क नाही. सुटे भाग खुल्या बाजारात मिळण्याचा मुद्दाही जुना आहे. स्वतंत्र गॅरेजना भाग आणि तपासणीची साधने मिळू न दिल्याच्या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिलेही झाली.

जुन्या गाडीवर हा खर्च करावा का?

गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांची थेट तुलना फसवी ठरते. समजा गाडीला १ लाख २० हजार रुपये येतील आणि क्लचला १२ हजार लागतील. ती आणखी दोन वर्षे चालणार असेल तर हा खर्च महिन्याला ५०० रुपये पडतो. नव्या गाडीसाठी ६ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १२,४५० रुपये होतो. म्हणजे क्लचचा सगळा खर्च एका हप्त्याइतकाही नाही.

पण या हिशेबातला कळीचा शब्द ‘चालणार असेल तर’ हा आहे. इंजिन धूर ओकत असेल, तळाचा पत्रा गंजला असेल, सस्पेन्शन आणि टायरही शेवटच्या टप्प्यात असतील, तर क्लच हे यादीतले पहिलेच नाव ठरते. दुसरा मुद्दा नोंदणीचा. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. एप्रिल २०२२पासून या नूतनीकरणाचे शुल्क कारसाठी ५,००० रुपये आहे, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आरसी संपायला काही महिनेच उरले असतील तर क्लचचा खर्च या सगळ्यासोबत एकत्र मांडूनच ठरवावे. गाडी लगेच विकायचीच असेल तर लेखी अंदाजपत्रक खरेदीदाराला दाखवून तेवढी किंमत कमी करणे अनेकदा सोयीचे. दोष लपवून विकल्यास तो पहिल्याच चढावर उघड होतो.

दुरुस्ती पुढे ढकलली तर?

केबल तुटू लागली असेल किंवा क्लच वरच्या गिअरमध्ये स्लिप होत असेल तर गाडी भरून लांबच्या प्रवासाला नेऊ नये. गणपतीत कोकणात उतरताना किंवा पावसाळ्यात घाटात गाडी बंद पडली तर टोइंग आणि अनोळखी गॅरेजमधली घाईची दुरुस्ती यांतच दुप्पट पैसे जातात, आणि वळणावर अडकलेली गाडी इतरांसाठीही धोकादायक ठरते. शिवाय लायनिंग संपून रिव्हेट घासू लागले की फ्लायव्हीलवर चरे पडतात आणि त्याचा खर्च वाढतो.

नवा क्लच बसवल्यावर पहिले काही दिवस गाडी ओढून-ताणून चालवू नये. पुढेही सवयी त्याच : गाडी पळताना डावा पाय पेडलवर टेकवून न ठेवणे, चढावर गाडी हाफ क्लचवर न धरता हँडब्रेक वापरणे, सिग्नल लांबला तर न्यूट्रल करणे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न उचलणे. केबलच्या गाडीत दर सर्व्हिसिंगला पेडलची मोकळीक तपासून घ्यायला सांगावी. त्याचे वेगळे पैसे सहसा कोणी घेत नाही, आणि पुढचा गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च त्यामुळे बराच लांबतो.